स्वस्तातला खिशातला कॅमकॉर्डर घेताय? आधी माइकचा जॅक बघा

मागच्या महिन्यात दोघी-तिघींनी एकच विचारलं, ताई तुमच्याकडे ते व्हिडिओचे छोटे कॅमेरे आहेत ना, त्यातला कोणता घ्यावा, जुना सेकंडहँड शोधावा का ऑनलाइन तो फोर-के लिहिलेला स्वस्तातला मागवून टाकावा. प्रत्येकीला वेगवेगळं सांगण्यापेक्षा एकदाच नीट लिहून देते. माझ्याकडे चार आहेत, तीन नावाजलेल्या कंपन्यांचे जुने आणि एक नवा बिननावाचा, आणि चारही मी घरच्याच कामाला वापरलेत, म्हणजे अखाजीची म्हणजे अक्षय तृतीयेची गाणी, श्रावणातली कानबाई देवीची रात्र, हळद, शेतातली भरीत पार्टी आणि एकदा सारंगखेड्याची जत्रा. मला रेकॉर्ड करायचं असतं ते मुख्य म्हणजे आमच्याकडच्या म्हाताऱ्या बायांचं अहिराणी गाणं, त्यामुळे माझा सगळा हिशोब आवाजापासून सुरू होतो हे आधीच सांगून देते. तुम्हाला नुसतं चित्र पाहिजे असेल तर तुमचा हिशोब वेगळा निघेल.

मोबाइल असताना कॅमकॉर्डर कशाला, हे सगळेच विचारतात. चित्राच्या बाबतीत आजचा बरा मोबाइल या चारही कॅमेऱ्यांच्या पुढे आहे, त्यात वाद नाही. पण मामी हळदीचं गाणं म्हणत होती, रंगात आली होती आणि मधेच फोन आला, रेकॉर्डिंग बंद पडलं, मला कळलं तेव्हा तीन कडवी होऊन गेलेली. मामी म्हणे आता नाही जमत परत, लय तुटली. आता मी एअरप्लेन मोड टाकते ती गोष्ट वेगळी. दुसरं म्हणजे मोबाइल समोर धरला की बाया पदर सावरतात आणि गप्प होतात, हे गावभर व्हॉट्सॲपवर फिरेल असं त्यांना वाटतं आणि त्यांचं चुकत पण नाही. छोटा कॅमेरा स्टँडवर ठेवून दिला की दहा मिनिटांत त्या त्याला विसरून जातात.

माझा पहिला कॅमेरा फ्लिप अल्ट्रा एचडी. २०११ ला पुण्याच्या चुलत भावाने दिला, त्याला कोणीतरी अमेरिकेहून आणलेला. हा कॅमेरा ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी, साबणाच्या वडीएवढा, मागे दोन इंचाचा स्क्रीन, मधोमध एक मोठं लाल बटण. दाबलं की चालू, परत दाबलं की बंद, बाकी काही शिकायचंच नाही. बाजूची कळ सरकवली की यूएसबीचा दांडा फटकन बाहेर येतो, तो सरळ कॉम्प्युटरला लावायचा. ७२०पी रेकॉर्डिंग, म्हणजे चित्र ७२० ओळींचं, आकडा जितका मोठा तितकं चित्र बारीक, आत ८ जीबी मेमरी, त्यात दोन तास बसतात. कार्ड टाकायची जागाच नाही, त्यामुळे दोन तास झाले की खाली केल्याशिवाय पुढे जाता येत नाही, लग्नाच्या दिवशी ही मोठी अडचण आहे. पण एक गोष्ट मला आजही फार आवडते, यात साधे दोन पेन्सिल सेल चालतात. श्रावणात कानबाईच्या रात्री लाइट गेली, चार्जिंग संपलेलं, भाच्याला कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात पळवलं, तो दोन सेल घेऊन आला आणि पहाटेपर्यंत काम झालं. असा कॅमेरा आता कोणी बनवत नाही याचं मला खरंच वाईट वाटतं.

ही कंपनी पण कशी गेली बघा. प्युअर डिजिटल नावाच्या छोट्या कंपनीचा हा फ्लिप, मार्च २००९ मध्ये सिस्कोने ती ५९ कोटी डॉलरला विकत घ्यायचं जाहीर केलं आणि एप्रिल २०११ मध्ये फ्लिपचा धंदाच बंद करून टाकला. दोन वर्षांत. तोपर्यंत मोबाइलमध्येच चांगला व्हिडिओ यायला लागला होता. कोडॅकचं पण तेच, जानेवारी २०१२ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला आणि पुढच्याच महिन्यात डिजिटल कॅमेरे आणि हे खिशातले व्हिडिओ कॅमेरे बंद करत असल्याचं सांगितलं. म्हणजे आज यातलं जे काही मिळेल ते जुनंच मिळेल, वॉरंटी-बिरंटी विसरा.

आता फ्लिपचं मुख्य. त्याला बाहेरचा माइक लावायला जॅक, म्हणजे पिन घालायचं भोक, नाही. तेव्हा मला हे कळत पण नव्हतं. २०११ च्याच अखाजीला मोठी माय, म्हणजे माझी आजी, ओसरीत बसून झोक्याची गाणी म्हणत होती. अखाजीला आमच्याकडे सासुरवाशिणी माहेरी येतात, निंबाला झोके बांधतात, घरोघर सांजोऱ्या. ऊन तर विचारूच नका, ओसरीत कूलर लावलेला. मी कॅमेरा समोरच्या कोनाड्यात ठेवला, चांगला बारा-पंधरा फुटांवर, सगळ्या जणी दिसाव्या म्हणून. रात्री कॉम्प्युटरवर लावून पाहिलं तर चित्र झकास, मोठी मायच्या हातावरचं गोंदण पण दिसतंय, आणि आवाज म्हणजे नुसता कूलर. घर्रर्र. त्यामागे कुठेतरी लांब गाणं. चाळीस मिनिटांचं रेकॉर्डिंग, त्यातले शब्द मला आजही पूर्ण लावता आलेले नाहीत. कॅमेऱ्याची चूक म्हणत नाही मी, आतला माइक जवळचं-लांबचं सगळं सारखंच उचलतो आणि कूलर त्याच्या जवळ होता. पण त्या दिवशी मला कळलं की पाहायचं काय असतं.

त्यानंतर बरीच वर्षं शोधून २०१६ ला सेकंडहँड कोडॅक झेडआय८ घेतला. चारही कॅमेऱ्यांत माझा जीव याच्यात आहे. २००९ चं मॉडेल, तेव्हा अमेरिकेत १८० डॉलरला होतं, म्हणजे त्या वेळच्या आपल्या आठ-नऊ हजारात. १०८०पी आहे, ७२०पी मध्ये सेकंदाला ६० फ्रेम घेतो, अडीच इंचाचा स्क्रीन, कार्ड टाकता येतं, बॅटरी काढता येते आणि सगळ्यात महत्त्वाचं, साडेतीन एमएमचा माइक जॅक आहे. त्या काळात या किमतीच्या खिशातल्या कॅमेऱ्यात जॅक शोधून सापडत नसे. कॉलर माइक लावा आणि तो सरळ गाणाऱ्या बाईच्या पदराला टोचा, बास, कूलर असो का पंखा असो, शब्द न शब्द येतो.

कॉलर माइक मी बोयाचा बीवाय-एम१ घेतला, त्याची वायर ६ मीटरची आहे आणि ही लांबी खूप कामाची. आता इथे एक घोळ होतो तो नीट समजून घ्या, कारण माझ्या दोन ओळखीच्यांनी याच्यात पैसे वाया घालवलेत. मोबाइलसाठी जो कॉलर माइक मिळतो त्याच्या पिनवर तीन काळ्या रेघा असतात, कॅमेऱ्याच्या पिनवर दोन. दिसायला पिन सारखीच, आत जाते पण, मात्र मोबाइलवाला माइक कॅमेऱ्यात लावला तर बहुतेक वेळा आवाजच येत नाही नाहीतर खरखर येते. त्यासाठी छोटा ॲडॅप्टर मिळतो. बीवाय-एम१ च्या डबीवर मोबाइल आणि कॅमेरा असं बटण आहे, कॅमेऱ्याकडे सरकवायचं आणि आत बटणाएवढा एलआर४४ सेल टाकायचा, विसरायचं नाही, आणि काम झालं की बटण परत बंद करायचं नाहीतर सेल उतरतो. रेकॉर्डिंगच्या आधी अर्धा मिनिट घेऊन ऐकून बघायचंच, कारण झेडआय८ ला हेडफोन लावून चालू असताना ऐकायची सोय नाही.

पुढच्या वर्षीची अखाजी याच्यावर केली. या वेळी अंगणात, निंबाखाली. मोठी माय बाजेवर बसलेली, पोरी झोक्यावर. माइक तिच्या पदराला, वायर बाजेच्या पायाला एक वेढा देऊन मागच्या बाजूने काढली म्हणजे कोणाच्या पायात येणार नाही, आणि कॅमेरा पाच मीटरवर स्टँडला, झोका पूर्ण वर जातो तोपर्यंत फ्रेममध्ये राहील असा. वाऱ्याचा फडफड आवाज येऊ नये म्हणून माइकवर फोमची टोपी असतेच, पण दुपारच्या झळेत ती पुरत नाही, मी त्याच्यावर कापसाचा पातळ थर गुंडाळून दोऱ्याने बांधला. कापूस तर आपल्या घरचाच. मोठी माय दर पाच मिनिटांनी विचारत होती, "आते चालू शे का वं?" मी म्हणायची हां चालू शे, आणि ती परत सुरू.

चित्राबद्दल पण थोडं सांगायला पाहिजे. या सगळ्या कॅमेऱ्यांचा झूम डिजिटल असतो, म्हणजे चित्र नुसतं ताणतो, त्याला हात लावू नका, पायाने जवळ जा. फोकस पण बहुतेकांचा ठरलेला. झेडआय८ ला जवळचं काढायला फुलाचं चिन्ह असलेली मॅक्रोची कळ आहे. भरीत पार्टीला पऱ्हाटीच्या म्हणजे कापसाच्या वाळलेल्या काड्यांवर बामणोदची वांगी भाजत होते, साल कशी फुगते, फुटते, आतून वाफ कशी सुटते हे मी एक वीत अंतरावरून घेतलं, सुंदर आलं. पण नंतर कळ परत फिरवायला विसरले तर पुढचं सगळं, माणसं, पंगत, धुरकट. तेव्हा ती कळ आधी बघायची सवय लावा.

ट्यूबलाइटचा त्रास फार जणांना कळत नाही. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झ, अमेरिकेची ६०. चोकवाली जुनी ट्यूब सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होते, डोळ्याला दिसत नाही, पण अमेरिकेसाठी बनवलेला ३० फ्रेमचा कॅमेरा ते पकडतो आणि चित्रावर काळसर पट्टे वर-खाली सरकत राहतात. कानबाईच्या रात्रीचं माझं पहिलं रेकॉर्डिंग असंच पट्टापट्टी आहे. मेनूत ५० हर्ट्झचा पर्याय असेल तर तो लावायचा, नसेल तर ट्यूब बंद करून साधा पिवळा बल्ब लावायचा, त्याची तार तापलेलीच राहते म्हणून पट्टे फारसे दिसत नाहीत. आणि कानबाईच्या रोटांवर, नारळावर तो पिवळा उजेड छान पण दिसतो.

सारंगखेड्याला गेलो होतो दत्तजयंतीला, तापीच्या काठावर घोड्यांचा बाजार, तिथे दुसरी गोष्ट कळली. घोडा चाल दाखवत पुढून गेला आणि मी कॅमेरा त्याच्यासोबत झरकन फिरवला, तर मागचे मंडपाचे खांब सगळे तिरपे झालेले. असल्या कॅमेऱ्याचा सेन्सर चित्र एकदम नाही घेत, वरून खाली एकेक ओळ वाचत येतो, तोपर्यंत समोरचं सरकलेलं असतं. चारही कॅमेऱ्यांत हे आहे. मग मी कॅमेरा एका जागी ठेवला, घोड्याला फ्रेममधून जाऊ दिलं आणि झेडआय८ ला ६० फ्रेमवर टाकलं, तेव्हा टापा नीट दिसायला लागल्या. पळणारं काही काढायचं असेल, शंकरपट, कबड्डी, पोरं, तर १०८० च्या मोहात न पडता ७२०पी ६० फ्रेम घ्या.

सोनीचा ब्लॉगी एमएचएस-पीएम५ माझ्या मामेबहिणीचा, ती दुबईला गेली तेव्हा माझ्याकडे ठेवून गेली. याची भिंगाची मान २७० अंशात फिरते, म्हणजे स्क्रीन बघत बघत स्वतःलाच काढता येतं, २०१० मध्ये ही मोठी गोष्ट होती. १०८०पी आहे, साधं एसडी कार्ड चालतं. पण माइक जॅक नाही, त्यामुळे माझ्या कामात तो मागे पडतो. बहीण यावर बाजरीच्या भाकरी थापायचं, बिबड्यांचं म्हणजे ज्वारीच्या पापडांचं वगैरे स्वतःच बोलत बोलत काढायची, एक हात अंतरावरून बोललं तर आवाज चांगलाच येतो. एकट्याने बोलून व्हिडिओ करणाऱ्याला मी हा सांगेन.

आता तो नवा फोर-केवाला. गेल्या वर्षी ऑनलाइन घेतला, डब्यावर कंपनीचं नाव धड नाही, फोर-के आणि ४८ मेगापिक्सेल मात्र मोठ्या अक्षरात. याची परीक्षा घरच्या घरी होते. पेपरचं पान भिंतीला चिकटवा, कॅमेरा स्टँडवर, एकदा १०८० वर घ्या, एकदा फोर-के वर आणि दोन्ही कॉम्प्युटरवर मोठे करून बारीक टाइप वाचून बघा. माझ्याकडच्यात दोन्हीत सारखंच वाचता आलं, एक अक्षर जास्त नाही. म्हणजे सेन्सर कमीच टिपतो आणि आतला प्रोग्रॅम ते ताणून फोर-के नावाने साठवतो, फाइल फक्त जड होते. तेव्हापासून १०८० वरच ठेवलाय. दुसरा त्रास जास्त वाईट, तो रेकॉर्डिंगचे आपोआप तुकडे पाडतो आणि एक तुकडा संपून दुसरा सुरू होताना मधला सेकंद-दीड सेकंद जातो. गाण्यात दीड सेकंद म्हणजे अर्धी ओळ. मेनूत शोधून तुकड्याची लांबी जास्तीत जास्त केली तेव्हा जरा बरं झालं.

पण त्याच्या बाजूने पण बोलायला पाहिजे. जॅक आहे. बाजूला उघडणारा तीन इंचाचा फिरता स्क्रीन आहे. ५० हर्ट्झची सेटिंग आहे. आतला माइक सूंऽऽ असा सतत वाजतो पण कॉलर माइक लावला की आवाज वापरण्यासारखा येतो. चांगल्या बॅटरीचा झेडआय८ मिळाला तर डोळे झाकून तोच घ्या, नाही मिळाला तर असला नवा घ्यायला हरकत नाही, फक्त जॅक आहे का ते फोटो मोठा करून बघा आणि परत करायची मुदत आहे तोवर ती पेपरची परीक्षा करून घ्या. घरात म्हाताऱ्या माणसाला किंवा लेकराला स्वतः चालवायला द्यायचा असेल तर फ्लिपसारखं काही नाही.

सेकंडहँड घेताना पहिली बॅटरी बघा. झेडआय८ ला केएलआयसी-७००४ लागते, ती मिळाली नाही तर फुजीफिल्मची एनपी-५० बसते, ही गोष्ट दुकानदारांना पण माहीत नसते. मी एकदा एका दुकानातून डुप्लिकेट घेतली, तीन महिन्यांत फुगली, कॅमेऱ्यातून काढता काढता नाकी नऊ आले. फुगलेली बॅटरी चार्जिंगला लावू नका, लगेच बदला. आणि आपल्याकडचा उन्हाळा लक्षात घ्या, लिथियमची बॅटरी साधारण ४५ डिग्रीच्या वर चार्ज करायची नसते आणि जळगाव-भुसावळला मे महिन्यात बाहेरच पारा तिथे पोचतो, उभ्या गाडीत तर किती होत असेल. मी दुपारी चार्जिंग करतच नाही, पहाटे लावते, आणि शेतात नेताना कॅमेरा ओल्या पंच्यात नाही, कोरड्या सुती कापडात गुंडाळून पिशवीत तळाशी ठेवते.

कार्ड एसडीएचसीच घ्या, ३२ जीबीपर्यंत. ६४ आणि त्याच्या पुढची कार्डं वेगळ्या जातीची असतात, या जुन्या कॅमेऱ्यांसाठी ती नाहीत. कार्डातच फसवणूक फार आहे, मला ३२ म्हणून दिलेलं एक कार्ड ४ जीबीच्या पुढे सगळं कोरं लिहीत होतं, नावं दिसायची, फाइल उघडायची नाही, हळदीचा अर्धा कार्यक्रम त्यात गेला. आता कोणतंही नवीन कार्ड आणलं की आधी कॉम्प्युटरवर एच२टेस्टडब्ल्यू नावाच्या फुकटच्या प्रोग्रॅमने पूर्ण भरून तपासते, मगच कार्यक्रमाला. त्याच रात्री दोन ठिकाणी कॉपी, एक कॉम्प्युटरवर, एक वेगळ्या हार्डडिस्कवर, त्याशिवाय कार्ड पुसत नाही.

झेडआय८ ला छोटा एचडीएमआय पोर्ट आहे, म्हणजे मिनी एचडीएमआयची वायर घेतली की सरळ टीव्हीवर दिसतं, कॉम्प्युटर नको. वायर लगेच घेऊन ठेवा, ती नंतर लवकर सापडत नाही. त्या अखाजीच्या दिवशी रात्री जेवणं झाल्यावर मी कॅमेरा टीव्हीला लावला. सगळ्या पोरी स्वतःला झोक्यावर बघायला पुढे सरकल्या, मोठी माय मात्र डोळे मिटून भिंतीला टेकून ऐकत बसली. "हाऊ मन्हाच आवाज शे का?" एवढंच विचारलं. मग दुसऱ्या गाण्याच्या मधे एकदम हात वर केला, थांबव म्हणे. मागे घेतलं, परत ऐकलं. "तठे मी चुकनू," ती म्हणाली, भावाचं नाव आधी यायला पाहिजे होतं, वहिनीचं नंतर. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला, ऊन चढायच्या आत, माइक घेऊन ये म्हणून तिनेच निरोप पाठवला.